वळवलेलं पाणी आणि चढणीचे मासे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (कणकुंबी परिसर, ता. खानापूर): कळसा-भांडुरातून मलप्रभेकडे न्यायचं पाणी फक्त ३.९ टीएमसी आहे आणि तेही पावसाळ्यातलं. हे पाणी एरवी समुद्रालाच मिळतं. मग माशांचं नेमकं काय बिघडतं?

उत्तर: आधी आकडे नीट मांडू. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुरा नाल्यातून २.१८ टीएमसी पाणी म्हादई नदीच्या खोऱ्याबाहेर, म्हणजे मलप्रभेत, न्यायला कर्नाटकाला मुभा दिली. बेरीज ३.९०. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर, त्यामुळे ३.९० टीएमसी साधारण ११ कोटी घनमीटर होतं. पावसाळ्याच्या १२० दिवसांवर सारखं वाटलं तर सेकंदाला साडेदहा हजार लिटर पडतात. आषाढातल्या पुरात हा आकडा जाणवणारसुद्धा नाही. पण मिरगाच्या पहिल्या आठवड्यात किंवा भाद्रपदातल्या उघडिपीत कणकुंबी-नेरश्याच्या नाल्यांत एकूण पाणीच किती असतं, ते तुम्ही रोज बघता. वर्षाची बेरीज माशाला कळत नाही. त्याला त्या दिवशीचं पाणी लागतं.

घाटमाथ्यावरचे बरेचसे मासे विणीसाठी पहिल्या पाण्यावर वर चढतात. यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. पाण्याची पातळी चढली, पाणी गढूळ झालं, तापमान दोन-चार अंशांनी उतरलं आणि वाहण्याचा जोर वाढला की अंगात गाबोळी तयार असलेली मादी हालते. हे सगळं एकाच वेळी जुळून यावं लागतं. नाल्याच्या तोंडाशी बंधारा घालून पहिले लोंढे वळवले, तर खालच्या डोहातल्या माशाला इशाराच पोचत नाही. गाबोळी पोटात तशीच राहते, काही दिवसांनी शरीर ती जिरवून टाकतं आणि त्या वर्षाची वीण बुडते. बोटभर माशाचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं असतं, तेव्हा ओळीने दोन वर्षं असं झालं की त्या ओढ्यातून तो गेलाच म्हणून समजा.

दुसरं नुकसान पावसाळ्यानंतरचं आहे, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दिवाळीनंतर ओढ्यात जी बारीक धार राहते तिच्या जोरावर खडकांमधले डोह एकमेकांना जोडलेले राहतात. मळ्यासारखे दगडाला चिकटून राहणारे मासे या धारेतलं शेवाळ खरवडून जगतात. धार तुटली की डोह सुटे पडतात, पाणी तापतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये खंड्या, बगळे आणि माणसं मिळून उरलेले मासे वेचून संपवतात. म्हणून ‘फक्त पावसाळ्यातलं पाणी’ ही अट कागदावर असून भागत नाही. बंधाऱ्याच्या भिंतीत तळाशी कायम उघडं राहणारं, झडप नसलेलं भोक ठेवलं तरच ती अट खरी. झडप बसवली की ती कधीतरी बंद होतेच.

किती पाणी सोडावं, याला आपल्या देशात एक लिखित आधार आहे. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये उगमाकडच्या हिमनद्यांपासून हरिद्वारपर्यंतच्या गंगेच्या वरच्या पट्ट्यासाठी किमान प्रवाह ठरवला. नोव्हेंबर ते मार्च येणाऱ्या पाण्याच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत २५ टक्के आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के पाणी नदीत सोडायचं. तो आदेश गंगेपुरताच आहे. पण ग्रामसभेच्या ठरावात मागणी लिहायची असेल तर हा नमुना हाताशी ठेवा, आणि आमच्या मते त्यात आणखी दोन ओळी घाला: पावसाळ्याचे पहिले तीन आठवडे एक थेंबही वळवू नये, आणि ऑक्टोबर ते मे वळवणं पूर्ण बंद ठेवावं. पाणी न्यायचंच असेल तर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत न्या. तेव्हा नदीला ते देणं झेपतं.

प्रश्न (बेळगाव शहर): म्हादईचं पाणी मलप्रभेत गेलं तर उलट मलप्रभेतल्या माशांचा फायदाच होईल ना? पाण्याबरोबर चार मासे इकडून तिकडे गेले तर बिघडलं कुठं?

उत्तर: बिघडतं, आणि ते पुन्हा दुरुस्त करता येत नाही. म्हादई पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. मलप्रभा कणकुंबीलाच उगवते, पण कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. दोन्ही उगम जवळजवळ असले तरी मधली पाणलोट रेषा माशांना ओलांडता येत नाही, त्यामुळे दोन्हीकडच्या जाती वेगळ्या वाटांनी घडल्या आहेत. नाकाडावर टेंगूळ असलेला, शास्त्रीय नावात ‘नुक्ता’ असणारा मासा कृष्णा खोऱ्याचा आहे आणि त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. उलट, ‘पेथिया सेटनाय’ हा लहानसा देखणा मासा गोव्याकडच्या, पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांचा. कालवा झाला की अंडी, पिलं, परजीवी आणि रोग सगळं एकदम पार होतं.

ऑस्ट्रेलियात हे घडून गेलं आहे. तिथे १९४९ ते १९७४ या काळात स्नोई नदीचं पाणी बोगद्यांतून डोंगरापलीकडे मरे नदीच्या खोऱ्यात वळवलं गेलं. जिंडाबाइनपाशी नदीचं ९९ टक्के पाणी गेलं. त्याबरोबर किनारी नद्यांमधला, ओल्या खडकावर चढून जाणारा गॅलेक्सियस मासा मरेच्या वरच्या ओढ्यांत पोचला. आता त्याच परिसरात पाणी पुन्हा वर चढवण्याचा नवा प्रकल्प उभा राहतो आहे, आणि एकाच ओढ्यात उरलेल्या ‘स्टॉकी गॅलेक्सियस’ या जातीपर्यंत हा पाहुणा पोचू नये म्हणून जाळ्या आणि अडथळे उभारावे लागत आहेत. जाळी मोठा मासा अडवते, पण अंडी आणि मिलिमीटरभर पिलं अडवणारी जाळी मोठ्या प्रवाहात टिकवून दाखवणं फार कठीण. पाणी वळवण्याआधी दोन्ही खोऱ्यांतल्या जातींची वर्षभराची, तिन्ही ऋतूंमधली नोंद घ्यायला हवी. ती नंतर घेऊन उपयोग नाही, कारण तोवर मिसळण झालेली असते.

प्रश्न (टिळकवाडी, महाविद्यालयीन विद्यार्थी): नद्या वळवल्याने क्रेफिश मरतात असं वाचलं. आपल्या नद्यांत क्रेफिश आहेत का? मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे निळे-लाल क्रेफिश घाटातल्या ओढ्यात जगतील का?

उत्तर: क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, झिंग्यासारखा पण मोठ्या नांग्यांचा प्राणी. भारतीय उपखंडात मूळचा एकही क्रेफिश नाही. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरही नाही. तुम्ही वाचलेली माहिती बहुधा ऑस्ट्रेलियातल्या मरे क्रेफिशची असणार. पांढुरक्या नांग्यांचा हा प्राणी थंड, वाहतं आणि प्राणवायूने भरलेलं पाणी मागतो. धरणं आणि उपशामुळे मरेचे छोटे-मध्यम पूर कमी झाले, त्यामुळे काठच्या जंगलात वर्षानुवर्षांचा पाला साचला. २०१०-११ च्या मोठ्या पुरात तो सगळा एकदम पाण्यात कुजला, पाणी चहासारखं काळं झालं, प्राणवायू संपला आणि क्रेफिश जीव वाचवायला चालत काठावर आले. चालू शकणारा प्राणी निदान बाहेर येतो, माशाला तीही सोय नसते.

आपल्याकडे ही जागा गोड्या पाण्यातले खेकडे आणि झिंगे सांभाळतात. कुजका पाला, मेलेले किडे, मासे फस्त करून ओढा स्वच्छ ठेवायचं काम त्यांचंच आहे.

दुकानातले क्रेफिश ओढ्यात सोडू नका. ते जगतील, हीच भीती आहे. अमेरिकेतला लाल दलदली क्रेफिश जगभर पसरला आहे, बांध पोखरतो आणि आपल्यासोबत बुरशीसारख्या जीवाचा रोग वाहून नेतो. ‘मार्बल्ड’ क्रेफिशची तर मादी नराशिवायच पिलं घालते, म्हणजे एक प्राणी सुटला तरी पुरे. नको झाला तर दुकानदाराला परत द्या. टाकीचं पाणीसुद्धा गटारात किंवा नाल्यात न ओतता कोरड्या मातीत जिरवा.

प्रश्न (वेदगंगेकाठ, ता. निपाणी): आमच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे मे महिन्यात पाणी हिरवं होतं, पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात. पहिल्या वळवाला तर ढिगाने मरतात. बर्गे (बंधाऱ्याच्या खांबांमधल्या गाळ्यांत बसवलेल्या फळ्या) काढून पाणी सोडावं तर खालच्या गावची तक्रार येते. काय करावं?

उत्तर: वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा या तिन्ही नद्यांवर हीच तक्रार आहे. कारण एक नाही, तीन आहेत, आणि ती एकावर एक साचतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यात साचलेल्या पाण्यात ऊसशेतीतून आलेल्या खतावर शेवाळ आणि जलपर्णी माजते. शेवाळ दिवसा पाण्याला प्राणवायू देतं, रात्री तोच खातं, म्हणून पहाटे चार ते सहा ही माशांची सगळ्यात वाईट वेळ. शेवटचा घाव वळवाचा. गावची गटारं, शेतातलं पाचट, नाल्यात साचलेलं सांडपाणी असं सगळं एका तासात डोहात येतं, आणि तळातला काळा गाळ ढवळला जातो. प्राणवायू २-३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू, कोळस असे मासे टिकत नाहीत. मरळ हवेतून श्वास घेतो, म्हणून मेलेल्या माशांत तो क्वचित दिसतो. सगळ्याच जाती, मरळसुद्धा, एकदम उलटल्या असतील तर मात्र विषाचा संशय घ्या आणि पाण्याचा नमुना त्याच दिवशी उचला.

बर्गे काढायचा क्रम महत्त्वाचा आहे. खालची तक्रार येते ती तळाचे बर्गे आधी ओढल्यामुळे, कारण तळाचं काळं, प्राणवायू नसलेलं पाणी एका दमात खाली जातं. बर्गे नेहमी वरून खाली काढा. प्रत्येक गाळ्यातला वरचा एक बर्गा काढून दोन-तीन दिवस थांबा, मग पुढचा. वरच्या थरातलं पाणी त्यातल्या त्यात चांगलं असतं आणि भिंतीवरून पडताना त्यात हवा मिसळते. नदीवर ओळीने चार बंधारे असतील तर सगळ्यात खालचा आधी मोकळा करा, मग त्याच्या वरचा. उलट केलंत तर वरची सगळी घाण खालच्या डोहात जाऊन बसते. शिवाय चढणीचे मासे खालून येतात, त्यांचं दार आधी उघडायला हवं. वरच्या धरणातून आवर्तन सुटलं असेल तेव्हा हे काम सुरू केलं तर उत्तम. नदी कोरडी असताना डोह पूर्ण रिकामा करू नका, तळाचे एक-दोन बर्गे पाणी वाहतं होईपर्यंत राहू द्या.

मिरगाच्या आत मात्र निदान दोन गाळे उंबऱ्यापर्यंत मोकळे हवेत. ते काठाजवळचे नकोत, नदीची मुख्य धार जिथून जाते तिथले हवेत, कारण मासा जोराच्या धारेचा माग काढत येतो. काम अडतं ते बहुधा दोन कारणांनी. गाळ बसून बर्गे खाचांत घट्ट होतात, तेव्हा एप्रिलमध्येच ते थोडे हलवून बघावेत. आणि पाऊस लांबला की उसासाठी पाणी धरून ठेवायचा आग्रह होतो. शेतकऱ्याची ती अडचण खरी आहे, म्हणूनच सगळे नाही तर दोन गाळे म्हणतो.

बंधाऱ्याच्या खालच्या फरशीकडेही बघा. बऱ्याच ठिकाणी पुराने फरशीपुढची नदी खरवडली जाऊन दोन फुटांची पायरी झालेली असते. बर्गे काढले तरी लहान मासा ती उडी मारू शकत नाही. तिथे दगडांचा उतार करता येतो. ६० सेंटिमीटर पायरी असेल तर २० ला १ या उताराने १२ मीटर लांबी लागते, लहान माशांसाठी ३० ला १, म्हणजे १८ मीटर बरी. ४० ते ६० सेंटिमीटरचे दगड एक तृतीयांश जमिनीत गाडून वेडेवाकडे बसवा, मधोमध उतार थोडा खोलगट ठेवा म्हणजे कमी पाण्यातही धार एकत्र राहते. फटी मुरूम आणि बारीक खडीने ठासून भरा. हे राहून गेलं तर पाणी दगडांखालून निघून जातं आणि वर मासे कोरडे पडतात. असले उतार फसतात ते जास्त करून इथेच. पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आधी घ्या.

प्रश्न (ता. चिकोडी): नदीवरच्या मोटारीच्या फूट व्हॉल्व्हमध्ये बारीक मासे आणि झिंगे ओढले जातात, पाटात मेलेले दिसतात. उपाय आहे का?

उत्तर: आहे, आणि स्वस्त आहे. फूट व्हॉल्व्हच्या (पाण्यात सोडलेल्या नळीच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या) जाळीपाशी पाण्याचा वेग इतका असतो की बोटुकलीला पळता येत नाही. वेग कमी करायचा तर जाळीचं क्षेत्रफळ वाढवायचं. पिलांसाठी जाळीपाशी वेग सेकंदाला १२ सेंटिमीटरच्या आत ठेवतात. मोटार सेकंदाला १५ लिटर ओढत असेल तर ०.०१५ भागिले ०.१२ म्हणजे ०.१२५ चौरस मीटर, सुमारे १.३५ चौरस फूट जाळी लागते, पण ती अर्धी तुंबणार हे धरून निदान दुप्पट, शक्यतो चौपट घ्या. २०० लिटरच्या बॅरलला चारी बाजूंनी मोठ्या खिडक्या कापा, त्यावर २ ते ३ मिलिमीटर भोकांची स्टेनलेस जाळी रिव्हेट करा आणि फूट व्हॉल्व्ह बॅरलच्या मधोमध लटकवा. एका बाजूला टेकला तर सगळी ओढ तिथेच लागते आणि जाळी मोठी असून उपयोग होत नाही. बॅरल तळापासून हातभर वर, दगडांवर ठेवा. पाचट आणि जलपर्णी अडकली की मोटार हवा धरते. दोन दिवसांआड मोटार बंद करून बाहेरून झाडूने घासा. नायलॉनची मच्छरदाणी गुंडाळू नका, तासाभरात तुंबते आणि फाटून व्हॉल्व्हमध्ये जाते.

प्रश्न (जांबोटी भाग, ता. खानापूर): मिरगाला निघणारे खेकडे आमच्या ओढ्यात कमी झालेत. वरती पाणी अडवल्याचा संबंध असेल का?

उत्तर: असू शकतो. आपला खेकडा उन्हाळा ओढ्याच्या काठच्या बिळात काढतो आणि बिळाचं तळ ओलीपर्यंत नेतो. ओढ्याची पातळी उन्हाळ्यात हात-दोन हात खाली गेली की ओलही तितकीच खाली जाते, आणि काठात खडक लागला तर खेकडा पुढे खणू शकत नाही. त्याचे कल्ले ओले राहिले नाहीत तर तो बिळातच मरतो. समुद्रातल्या खेकड्यासारखी याची पिलं पाण्यातून दूरवर वाहत जात नाहीत. मादी थोडीच, मोठी अंडी पोटाखाली धरते, त्यातून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस तिच्याच पोटाला बिलगून राहतात. म्हणजे एका ओढ्यातले खेकडे संपले तर शेजारच्या ओढ्यातून ते आपोआप येणार नाहीत. सह्याद्रीत काही जाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच आहेत. यल्लापूरकडे सापडलेली ‘घटियाना द्विवर्णा’ ही पांढरी-जांभळी जात तर २०२२ मध्ये जगासमोर आली.

ओढ्याच्या दोन्ही काठांवर तीन-चार मीटर पट्टा नांगरू नका आणि जाळूही नका. भातावरची औषधफवारणी काठापासून लांब ठेवा. पकडलेला खेकडा उलटा करून बघा. पोटाची रुंद झडप सुटलेली आणि तिच्याखाली वाटाण्याएवढी पिलं वळवळत असतील तर त्याच जागी परत सोडा, दुसरीकडे नको.

प्रश्न (युवक मंडळ, ता. खानापूर): आमच्या ओढ्यातलं पाणी आणि त्याचा दर्जा आम्हाला स्वतः मोजून ठेवायचा आहे. साधी पद्धत सांगा.

उत्तर: प्रवाहासाठी सरळ, १० मीटरचा पट्टा निवडा. रुंदी मोजा, आडवी दोरी बांधून पाच-सहा जागी खोली मोजून सरासरी काढा. लिंबू किंवा संत्रं धारेत सोडून वेळ घ्या, चार-पाच वेळा, आणि सरासरी धरा. रुंदी ३ मीटर, खोली पाव मीटर आणि वेळ २५ सेकंद असेल तर वेग ०.४. वरचं पाणी तळापेक्षा जोरात जातं, म्हणून खडकाळ ओढ्यात ०.८ ने गुणा: ०.३२. मग ३ गुणिले ०.२५ गुणिले ०.३२, म्हणजे सेकंदाला २४० लिटर. नारळ किंवा थर्माकोल वापरू नका. नारळ तळाला घासतो, थर्माकोल वाऱ्याने पळतो.

प्राणवायू पहाटे, सूर्य उगवायच्या आत मोजा. दुपारचा आकडा फसवा असतो. ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखालीच, एकही बुडबुडा न राहता भरा. त्यात मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड प्रत्येकी २ मिलिलिटर घाला, बूच लावून उलटीसुलटी करा. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढराशुभ्र बसला तर जवळपास नाहीच. इतकं जागेवरच कळतं. पुढचं काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर करा: २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवायचा, २०० मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने फिका पिवळा रंग येईपर्यंत आणि नंतर स्टार्चचे थेंब टाकून निळा रंग जाईपर्यंत मोजायचं. जितके मिलिलिटर लागतील तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर. ५ च्या खाली सतत जात असेल तर मासे अडचणीत आहेत.

दर पंधरवड्याला एकाच जागी, एकाच वेळी नोंद करा आणि पाऊस झाला का, वरच्या गावाने बांध घातला का, हेही शेजारी लिहा. कारण लिहिलेलं नसलं तर पुढे लवादापुढे किंवा ग्रामसभेत त्या आकड्यांना वजन येत नाही.

प्रश्न (हुक्केरी): हिरण्यकेशीत मासे कमी झालेत. रोहू-कटल्याचं बीज आणून सोडावं का?

उत्तर: वाहत्या नदीत नको. शेततळ्यात जरूर सोडा. हिरण्यकेशीच्या उगमाशी आंबोलीत ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा बोटाएवढा मासा २०२० मध्ये नव्याने नोंदला गेला आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. अशा नदीत बाहेरचं बीज ओतताना त्यात चिलापी आणि बंदी असलेल्या आफ्रिकन मांगूरची पिलं मिसळून येतात, आणि ती हाताने वेगळी काढता येत नाहीत. त्याऐवजी मिरगापासून तीन आठवडे नदीत पाग टाकायचा नाही असं गावाने ठरवा. एक खोल डोह वर्षभर राखून ठेवा. सुरुंग किंवा औषध घालून कुणी मासे मारत असेल तर तो गुन्हा आहे, तेव्हा तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.